घरी बीपी-शुगर मोजून नोंद ठेवण्यासाठी मशीन, सेन्सर, अ‍ॅप: सल्ला हवा आहे

चाफा
आईला (वय ६८) बीपी आणि मधुमेह दोन्ही आहेत. गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन नुकतंच सुरू झालंय. डॉक्टरांनी घरची रीडिंग घेऊन यायला सांगितलंय. दंडाचा घेर ३४ सेंमी. मशीन घेताना काय बघायचं? स्मार्ट घड्याळातलं बीपी धरायचं का? सारखं बोट टोचण्यापेक्षा दंडावर चिकटवायचा, सतत शुगर मोजणारा सेन्सर बरा का? आणि हे सगळं फोनमध्ये नीट साठवायचं कसं?

टिपणवही
घड्याळाचं बीपी धरू नका. हवा भरून दंड आवळणारा पट्टा (कफ) नसलेल्या बहुतेक घड्याळांना अधूनमधून तसा पट्टा असलेल्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं. युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनच्या २०२३ च्या सूचनाही सांगतात की अशा आकड्यांवरून निदान किंवा उपचार ठरवू नयेत.

दंडावर बांधायचं मशीन घ्या, मनगटी नको. मॉडेल नंबर 'स्ट्राइड बीपी'च्या (अचूकतेची चाचणी झालेल्या बीपी मशीनच्या) यादीत शोधा. कंपनी यादीत आहे एवढ्यावर थांबू नका, नेमकं मॉडेल सापडलं पाहिजे.

तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचा आहे पट्टा. मशीनसोबत बऱ्याचदा २२ ते ३२ सेंमीचा येतो. ३४ च्या दंडाला तो आखूड पडेल आणि आकडा खोटाच चढेल. त्यावरून डोस वाढवला, तर उठून उभं राहताना चक्कर येणार. मोठा पट्टा घ्या आणि तोही त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलला चालणारा. दुसऱ्या कंपनीची नळी बसते, पण मशीनचं गणित स्वतःच्या पट्ट्यावर बेतलेलं असतं.

पहिल्यांदा दोन्ही दंडांवर मोजा आणि ज्या हाताचा आकडा सातत्याने जास्त येईल तोच कायम धरा. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. लघवीला जाऊन यायचं, मग ५ मिनिटं शांत बसायचं: पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, दंड छातीच्या पातळीला टेबलावर टेकलेला. पट्टा उघड्या दंडावर, खालची कड कोपराच्या खोबणीच्या दोन बोटं वर. बाही वर गुंडाळून तिचाच फास होऊ देऊ नका. मोजताना बोलायचं नाही, शेजारच्यांनीही काही विचारायचं नाही.

सकाळी गोळीच्या आधी दोन आणि संध्याकाळी दोन रीडिंग, मध्ये १ मिनिट. असे ७ दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर बीपी वाढलेलं समजतात. १४०/९० हा दवाखान्यातला आकडा आहे.

चाफा
लागोपाठ तीनदा घेतलं की तीन वेगळे आकडे येतात. मशीन खराब आहे का?

टिपणवही
नाही, बीपी ठोक्यागणिक बदलतं आणि पहिलं रीडिंग बहुधा चढंच येतं. मनाजोगता आकडा येईपर्यंत मोजत राहणं मात्र टाळा. आलेला प्रत्येक आकडा नोंदवा, वगळू नका. मशीनवर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार दिसत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, ईसीजी काढावा लागू शकतो. १८०/१२० च्या वर गेलं तर ५ मिनिटांनी पुन्हा मोजा. छातीत दुखणं, धाप, बोलताना अडखळणं, एका बाजूची शक्ती जाणं यातलं काहीही सोबत असेल तर पुन्हा मोजत बसू नका, थेट इस्पितळ गाठा.

सदाफुली
सेन्सरबद्दल. इन्सुलिन चालू आहे म्हणजे त्याचा खरा उपयोग आहे, रात्री शुगर उतरली तर अलार्म वाजतो. पण तो रक्तातली नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून ५ ते १५ मिनिटं मागे असतो. याचा घोळ नेमका शुगर उतरल्यावर होतो. १५ ग्रॅम ग्लुकोज घेतलं तरी आलेख थोडा वेळ खालीच जाताना दिसतो, माणूस घाबरून आणखी खातो आणि मग शुगर ३०० वर. त्यामुळे १५ मिनिटांनी बोटाचीच तपासणी करा, ७० च्या वर आली नसेल तरच पुन्हा १५ ग्रॅम. म्हणून बोट टोचून मोजायचा ग्लुकोमीटर लागतोच.

सेन्सर असलेल्या कुशीवर झोपलं की तो दाबला जाऊन रात्री खोटा 'लो' येतो. पहिल्या दिवशीचे आकडेही थोडे सांभाळूनच घ्या. काही सेन्सरमध्ये क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसने आकडा खोटाच वाढतो, काहींत पॅरासिटामॉलच्या मोठ्या डोसने. सोबतचं पत्रक वाचा. लक्षणं आणि आकडा जुळत नसतील तर आधी बोट टोचा.

बोट टोचताना हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करा. फळ सोललेल्या बोटावर आकडा कितीतरी चढा येतो. टोचायचं बोटाच्या कडेला. स्ट्रिपची डबी लगेच घट्ट लावा, हवेतल्या ओलाव्याने स्ट्रिपा बिघडतात.

वायरमन
फोनची बाजू. रात्रीचा अलार्म न वाजण्याचं नेहमीचं कारण सेन्सर नसतं, फोन असतो. सेन्सरच्या अ‍ॅपला बॅटरी बचतीतून वगळा, ब्लूटूथ चालू ठेवा, 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये त्याला परवानगी द्या. फोनची सिस्टिम अपडेट झाली की हे तिन्ही पुन्हा तपासा.

बीपी मशीनमध्ये 'युजर १' आईसाठी राखून ठेवा. घरातल्या इतरांनी 'गेस्ट'वर मोजायचं, नाहीतर सरासरीत भलत्याचेच आकडे मिसळतात. सेल बदलल्यावर मशीनची तारीख-वेळ तपासा. ती मागे गेली तर सकाळचं रीडिंग रात्रीच्या खात्यात पडतं. ग्लुकोमीटर मिग्रॅ/डेसीलिटरमध्ये आहे ना, तेही बघा. मिलिमोलमध्ये ७ दिसले तर ते १२६ असतात.

अ‍ॅप निवडताना एकच अट ठेवा: पीडीएफ आणि सीएसव्ही (एक्सेलसारख्या अ‍ॅपमध्ये उघडणारी तक्त्याची फाइल) दोन्ही बाहेर काढता आलं पाहिजे. सीएसव्ही दर महिन्याला काढून ठेवा, अ‍ॅप बंद पडलं तरी नोंदी हातात राहतात. डॉक्टरांना शेकडो आकडे दाखवू नका. एका पानावर बीपीची सकाळची आणि संध्याकाळची सरासरी वेगवेगळी, शेवटच्या १४ दिवसांत शुगर ७० ते १८० मध्ये किती टक्के वेळ होती आणि ७० च्या खाली किती, शिवाय त्या काळात कुठली गोळी बदलली किंवा चुकली त्याची तारीख. सेन्सर १४ पैकी निदान १० दिवस चालू असेल तरच ते टक्के धरण्याजोगे असतात.