'जिझुरी'ला मराठी शब्द कोणता?

प्रश्न : जपानी चित्रकार योशिदा हिरोशी (1876–1950) यांनी अजिंठा-वेरूळचीही मुद्राचित्रे, म्हणजे कोरलेल्या लाकडी ठशांवरून छापलेली चित्रे, केली. त्यांच्या मुद्राचित्रांच्या डाव्या समासात 'जिझुरी' हा शिक्का असतो. त्याला 'स्वमुद्रित' म्हणावे का?

उत्तर १ : शब्दशः बरोबर आहे, 'जि' म्हणजे स्वतः, 'झुरी' म्हणजे छपाई. पण 'स्वमुद्रित' वाचले की बारेन, म्हणजे कागदाच्या पाठीवर फिरवायची घासणी, चित्रकाराच्याच हातात होती असे वाटते. योशिदांनी 1925 मध्ये स्वतःची कार्यशाळा काढली आणि कोरणारे, छापणारे कारागीर ठेवले. छपाई आपल्या नजरेखाली झाली, एवढेच तो शिक्का सांगतो. त्यांच्या पश्चातही त्याच ठशांवरून प्रती निघाल्या, पण त्यांवर हा शिक्का नसतो, म्हणून संग्राहक आधी समास पाहतात.

उत्तर २ : सोसाकु-हांगावाल्यांचा, म्हणजे चित्रकारानेच सगळे करावे असे मानणाऱ्यांचा, 'जिझुरी' मात्र कडक. यामामोतो कानाए यांनी 1904 मध्ये 'मच्छीमार' स्वतः रेखाटले, कोरले आणि छापले. शिन-हांगा या दुसऱ्या चळवळीत प्रकाशक, चित्रकार, कोरक, छापक ही जुनी वाटणी कायम राहिली. योशिदा या दोन्हींच्या मध्ये बसतात, खुद्द कोरायलाही शिकलेले. त्यामुळे एकच मराठी शब्द दोन्हीकडे लावू नये.

उत्तर १ : देखरेखीला एवढे मोल का, ते योशिदांच्या 1926 च्या 'शिडाच्या होड्या' या चित्रमालिकेत दिसते. ठसे तेच, रंग बदलून सकाळ, धुके, रात्र. सगळी मदार बोकाशीवर, म्हणजे विरत जाणाऱ्या छटेवर. ठसा ओल्या फडक्याने पुसायचा, ब्रशच्या एकाच कोपऱ्याला रंग घ्यायचा आणि ओलीकडे ओढत न्यायचा. पाणी जास्त झाले तर डाग पडतो, कमी पडले तर छटा मध्येच तुटते. तांदळाची खळ कमी पडली की रंग तिळातिळाने उमटतो. कागदाला सरस-तुरटीचा हात नसेल तर रंग फुटतो. कागद शेवटच्या छापापर्यंत सारखा दमट हवा. कडा वाळल्या की तो आकसतो, केंतोच्या, म्हणजे कागद जागेवर बसवण्यासाठी ठशावर कोरलेल्या, खाचेत बसला तरी रंग रेषेबाहेर जातो. निक्कोच्या देवळाच्या दरवाज्याच्या 'योमेइमोन' या 1937 च्या चित्राला एकावर एक 96 छाप लागले, तिथे केसभर सरकणेही महागात पडते.

प्रश्न : मग चित्राखाली काय लिहू?

उत्तर २ : योशिदांसाठी 'जिझुरी शिक्का (चित्रकाराच्या देखरेखीत छपाई)'. यामामोतोंसाठी 'स्वमुद्रित' खुशाल लिहा.