आधी कागद, मग निरोप

पंथ सोडायचा तर कसा, या प्रश्नावर कुणीतरी सुचवलंय, पंथाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं लिहून एकदम बाहेर पडा. तसं करू नका. लिहिलंत की संध्याकाळी दहा साधक दारात ‘समजूत’ काढायला हजर.

सोलापुरात खरी गाठ पोटापाण्याची असते. टॉवेल कारखान्याचा मालक अनुयायी, खोलीही त्याच्याच ओळखीची. म्हणून आधी दुसरं काम आणि किमान दोन महिन्यांचं भाडं. पगाराचं खातं वेगळ्या बँकेत, आधारचा मोबाइल नंबर स्वतःचा. मूळ दाखले, शिधापत्रिका, सातबाराच्या प्रती पंथाबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवा. कोरे सही केलेले चेक दिले असतील तर बँकेला लेखी ‘स्टॉप पेमेंट’ (ते चेक वटवू नका, अशी सूचना) द्या. हे हमखास विसरतं.

जोडीदार पंथातच राहणार असेल, तर मुलांच्या ताब्याबद्दल वकिलाशी बोलल्याशिवाय घर सोडू नका. महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

वाळीत टाकलं तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. धमक्यांचे मेसेज पुसू नका.

निरोप दोन ओळींचा. कारणं देऊ नका, प्रत्येक कारणावर त्यांचं उत्तर तयार असतं.