मेंदूची सूज नव्हे, दाह! (सोसायटी ग्रुप, नेरुळ)

म्हात्रे, बी-११०२: सकाळचा 'मेंदूची सूज उतरवा, विसरभोळेपणा पळवा' हा फॉरवर्ड कृपया पुढे पाठवू नका. त्यात रोज नॅप्रोक्सेन (दुखणं आणि दाह कमी करणारी गोळी) घ्या असं लिहिलंय. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना वर ही घेतली, तर मूत्रपिंडांवर ताण येऊन रक्तातलं क्रिएटिनिन चढू शकतं. त्यात ऍस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी असेल तर पोटात रक्तस्राव, तोही कित्येकदा न दुखता. शौचाला डांबरासारखं काळं झालं की मग धावपळ.

सुधा जोशी, ए-३०४: पण त्यात कॅनडाच्या शास्त्रज्ञांचं नाव आहे. तेही खोटंच का?

डॉ. सावंत, सी-२०४: नाव खरं आहे ताई. व्हँकुव्हरचे पॅट्रिक मॅकगीअर (१९४८च्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल खेळलेले!). अल्झायमरने गेलेल्यांच्या मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या सफाई पेशी चवताळलेल्या असतात, हे त्यांच्या गटाने १९८७ साली दाखवलं. १९९०मध्ये त्यांनी मांडलं की संधिवाताच्या रुग्णांत अल्झायमर कमी दिसतो, बहुधा वर्षानुवर्षं घेतलेल्या दाहशामक गोळ्यांमुळे. फॉरवर्ड इथेच थांबतो. पुढचं असं, की २००१पासून अमेरिकेत 'अडॅप्ट' चाचणी झाली. सत्तरी गाठलेली, जवळच्या नात्यात कुणाला तरी अल्झायमर झालेला, अशी अडीच हजार माणसं. कुणाला नॅप्रोक्सेन २२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, कुणाला सेलेकॉक्सिब ही तशीच दाहशामक गोळी २०० मिलिग्रॅम दोनदा, कुणाला औषध नसलेली गोळी. हृदयाच्या धोक्याची शंका आली आणि डिसेंबर २००४मध्ये गोळ्या थांबवल्या. आजार काही टळला नाही.

सुधा जोशी, ए-३०४: मग ऍस्पिरिन? ती तर लहानशी असते.

डॉ. सावंत, सी-२०४: तीही पाहून झाली. 'ॲस्प्री' चाचणी, १९,११४ ज्येष्ठ, रोज १०० मिलिग्रॅम. डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशात) फरक नाही, मोठे रक्तस्राव मात्र वाढले. हृदयासाठी तुमच्या डॉक्टरांनी दिली असेल तर मनाने बंद करू नका, तो वेगळा हिशेब.

तन्वी, बी-५०१: मुळात 'सूज' हा शब्दच चुकलाय. सूज म्हणजे पाणी साचून मेंदू फुगणं. ती सीटी स्कॅनवर दिसते. इथे आहे तो दाह, पेशीपेशींत धुमसणारा. मायक्रोग्लिया या मेंदूतल्या सफाईवाल्या. लहानपणी चेतापेशींचे जास्तीचे जोड खाऊन त्या मेंदू नीटनेटका करतात. कुठला जोड खायचा, त्यावर सी-१-क्यू नावाच्या प्रथिनाची खूण लागते. बेथ स्टीव्हन्स यांच्या गटाने २०१६ साली उंदरांत दाखवलं, की अल्झायमरच्या सुरुवातीला, अमायलॉइड या चिकट प्रथिनाचे थर साचण्याआधीच, ही खूण चुकीच्या वेळी लागते आणि चांगले जोड खाल्ले जातात. सी-१-क्यू रोखलं तर जोड वाचले.

म्हात्रे, बी-११०२: म्हणजे सफाई बंद पाडली की झालं?

तन्वी, बी-५०१: तिथेच घोडं अडतं, दादा. ट्रेम-२ जनुकातल्या एका दुर्मीळ बदलाने मायक्रोग्लिया मंदावतात, अमायलॉइडला नीट वेढा घालत नाहीत, आणि अल्झायमरचा धोका साधारण तिप्पट होतो. सुस्तावल्या तरी नुकसान, खवळल्या तरी नुकसान. नॅप्रोक्सेनला हा फरक कळत नाही.

कदम, डी-६०१: सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) करून घेतलं तर कळेल का? हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये आहे.

डॉ. सावंत, सी-२०४: नाही. सीआरपी यकृतात बनतं. दाढ किडली तरी वाढतं. त्यापेक्षा हे लक्षात ठेवा: घरातलं वयस्कर माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागलं, दिवस-रात्र कळेनाशी झाली, तर तो डिमेन्शिया समजून बसू नका. त्याच दिवशी दवाखाना. लघवीची तपासणी, सोडियम, साखर, ऑक्सिजन, आणि नवीन सुरू झालेल्या गोळ्यांची यादी सोबत. झोपेच्या आणि सर्दीच्या गोळ्या तर हमखास. शरीरातल्या जंतुसंसर्गाचा दाह मेंदूवर असा उमटतो, आणि कारण सापडलं तर बरंच काही परत येतं.

कदम, डी-६०१: आणि नागिणीच्या लसीचं काय? तीही मेंदूला चांगली म्हणतात.

डॉ. सावंत, सी-२०४: त्यात मात्र दम आहे. वेल्समध्ये २ सप्टेंबर १९३३ला किंवा नंतर जन्मलेल्यांनाच लस मिळाली, आधीच्यांना नाही. त्या तारखेच्या अलीकडचे-पलीकडचे लोक ताडून पाहिले, तर लस घेतलेल्यांत सात वर्षांत डिमेन्शिया साधारण पाचव्या हिश्श्याने कमी. ती जिवंत विषाणूची जुनी लस होती. आता मिळते ती वेगळी, पन्नाशीनंतर, दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. घ्यायची ती नागिणीसाठी. मेंदूचा फायदा झाला तर वरकमाई.

म्हात्रे, बी-११०२: दुकानातून नेणार असाल तर आइसपॅकच्या डब्यात, २ ते ८ अंशांत. घरी फ्रीजरमध्ये टाकू नका, गोठली की वाया. दंड एक-दोन दिवस ठणकतो, ताप येऊ शकतो, त्यामुळे लग्नाच्या आदल्या दिवशी घेऊ नका 😄