घरून पोर्ट्रेट फोटोग्राफी, पदरात दोन लहान मुलं (नागपूर) : सल्ला हवा

मनीषनगरची_आई
नमस्कार मंडळी. धागा काढू की नको, असं दोन महिने चाललं होतं. मोठी सहा वर्षांची, धाकटा अडीचचा. नवऱ्याची बुटीबोरीला शिफ्ट ड्यूटी. सासूबाई आमच्याकडेच असतात, पण गुडघ्यांमुळे धाकट्याच्या मागे धावणं त्यांना होत नाही. त्याच्या वेळी नोकरी सोडली आणि त्याचेच फोटो काढता काढता हात बसला. सेकंडहँड कॅमेरा आणि ५० मिमी १.८ लेन्स, एवढंच भांडवल.

वर्षभरात ओळखीपाळखीत चौदा शूट झाले. बारशी, बोरन्हाणं, दोन डोहाळजेवणं. अकरा फुकट, तीन ‘खुशीने द्या’वर. एकीने खुशीने पाचशे रुपये आणि रव्याचे लाडू दिले. लाडू छान होते.

आता विचारायचं ते असं : स्टुडिओसाठी गाळा भाड्याने घ्यावा का? दर काय लावावा? आणि मुलं झोपल्यावर एडिटिंगला बसते तर रात्रीचा दीड वाजतो, हे असंच चालतं का? ‘स्वप्नांचा पाठलाग कर’ सोडून काहीही सांगा.

तर्री_पोहे
बाप्पा! गाळा काहून घेता ताई? महिन्याचं भाडं काढता काढता तुमचे फोटो राहतील बाजूला. माझा मित्र तेच करून राहिला सध्या.

उत्तरखिडकी
गाळा नको, हेच म्हणते. मी प्रतापनगरात घरून नऊ वर्षं हे करते आहे. मुलगी आता दहावीला आहे, म्हणजे तुमच्या जागी मी होते.

आधी दराचं, कारण रात्रीच्या दीडचं कारण तिथेच आहे. शूट दीड तासाचं. जाणं-येणं एक तास. तीनशे फोटोंतून वीस निवडायला एक तास. एका फोटोला बारा मिनिटं धरली तरी वीस फोटोंचे चार तास. वर फोनवर ‘कपडे कोणते घालू’, ‘फोटो कधी देणार’ यात एक तास. झाले साडेआठ. दोन हजार घेतले तर तासाला २३५ रुपये पडले, त्यातून पेट्रोल आणि कॅमेऱ्याची झीज वजा. वहीत एकदा तास लिहा, मग दर दुसऱ्या कुणाला विचारावा लागणार नाही. मी पहिली दोन वर्षं तास मोजलेच नाहीत, आणि चिडचिड सगळी मुलीवर निघायची.

एडिटिंग कमी करायचं तर कॅमेऱ्यातच नीट काढा. बोरन्हाणाचंच घ्या. बाळ काळ्या झबल्यात, वर पांढरे हलव्याचे दागिने. काळा रंग जास्त दिसला की कॅमेरा फोटो उजळ करायला जातो, आणि हलवा नि कपाळ दोन्ही पांढरेफटक होतात. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) दोन-तृतीयांश स्टॉप (उजेडाचं माप) खाली घ्या आणि चेहरा नीट दिसतो का बघा. मी तेच फोटो घरी येऊन एकेक सावरत बसायची. पांढराफटक झालेला हलवा कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

घरातली उत्तरेची खिडकी हाच तुमचा स्टुडिओ. थेट ऊन जवळपास येत नाही, प्रकाश मऊ. समोरच्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी केली की सावली भरते. मागच्या पडद्यासाठी गांधीबागेतून साधं सुती कापड आणा, राखाडी आणि मातकट. छापील फुलाफुलांचे बॅकड्रॉप घेऊ नका, दोन वर्षांत त्यांचाच कंटाळा येतो. (माझ्याकडे तीन आहेत. कुणाला हवे असतील तर न्या.)

बर्डीकर
उत्तरेच्या खिडकीत मार्च ते जून कूलर असतो, त्याचं काय?

उत्तरखिडकी
हाहा, खरं आहे! पण त्या खोलीत तसाही कॅमेरा ठेवू नका. कूलरच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते. झाकण घट्ट बसणारा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढं पुरतं. मे महिन्यात मी शूट पहाटे साडेपाच-सहाला सेमिनरी हिल्सला घेते, आठला घरी. ४५ डिग्रीत बाळ हसत नाही आणि आईचा मेकअप टिकत नाही. डिसेंबरात उलट : सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणजे चारला निघून सहाला घरी. शाळेच्या वेळेशी छान जुळतं.

अंबाझरीकाठ
बॅकअपबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी आमच्या घरात शिरलं. तळमजला. पलंगाखालच्या बॅगेत दोन हार्डडिस्क, दोन्ही गेल्या. दोन कॉपी होत्या, पण एकाच पलंगाखाली! एका मुंजीचे फोटो वाचले ते बहीण अमरावतीला राहते म्हणून. तिला बघायला पेनड्राइव्ह दिला होता. तेव्हापासून एक कॉपी घराबाहेर. आणि क्लायंटच्या हातात फोटो पडेपर्यंत कार्ड फॉरमॅट करत नाही, मग भलेही नवीन कार्ड घ्यावं लागो.

दोनजुळ्यांचीमाय
नवजात बाळांचं करणार असाल तर एक सांगते. ते गाढ झोपेतले, अंग मुडपलेले फोटो पहिल्या दोन आठवड्यांतच जमतात. आपल्याकडे सव्वा महिना बाळ-बाळंतीण घराबाहेर पडत नाहीत, म्हणजे तुम्हालाच जावं लागणार. तळव्यांवर हनुवटी टेकवून बसलेलं बाळ इंटरनेटवर दिसतं, ते दोन फोटो जोडून केलेलं असतं. दर वेळी कुणीतरी डोकं धरलेलं असतं. कुणी कितीही आग्रह केला तरी हात सोडून ती पोझ घेऊ नका. आणि बाळाचा फोटो तुमच्या पेजवर टाकण्याआधी आईची परवानगी व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. माझ्यावर एका आजोबांचा फोन ऐकायची वेळ आली होती.

बर्डीकर
कागदपत्रांचं थोडक्यात : उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आणि फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. मोजकेच कामगार असतील तर गुमास्ताची (दुकान-आस्थापना नोंदणी) फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. सेवा व्यवसायाला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. तारीख पक्की करताना निम्मे पैसे आधी घ्या, नातेवाईक असले तरी. नातेवाईक असले तर नक्कीच.

तर्री_पोहे
तान्हा पोळा धरा ताई. लाकडी बैल घेऊन सजलेली पोरं, वीस-वीस मिनिटं एकेकाला, सोसायटीच्या गेटवरच मांडा बस्तान. पोरांना बोजारा (खाऊ-पैसे) भेटते, तुम्हाला गिऱ्हाईक.

मनीषनगरची_आई
सगळ्यांचे आभार. रात्री वहीत तास मांडले. चौदा शूटचे मिळून ११९ तास निघाले. नवऱ्याने आकडा दोनदा वाचला आणि म्हणाला, सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी नऊ ते बारा धाकटा माझ्याकडे, तू तेव्हा एडिटिंग कर. रात्री नको.

काल मावस नणंदेचा फोन आला, जाऊबाईंच्या डोहाळजेवणाला ‘येशील ना गं कॅमेरा घेऊन’. पहिल्यांदाच दर सांगितला. साडेतीन हजार, वीस फोटो, निम्मे आधी. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, विचारून सांगते. अजून सांगितलेलं नाही.

कूलरचं मात्र सुटलं. सासूबाई सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, खिडकी पाहिजे तर घे, कूलर माझ्या खोलीत लाव.