सिरॉसिसचा रुग्ण आणि यकृतातली गाठ: रोजच्या कामातलं निरीक्षण लिहा

यकृतरोग विभागातून
केसपेपरवर नुसतं 'सिरॉसिस' (यकृत व्रणांनी कडक होणं) लिहून थांबू नका, तो कशामुळे झाला तेही लिहा. हिपॅटायटिस बीचा डीएनए यकृतपेशीच्या डीएनएत शिरून बसतो, त्यामुळे सिरॉसिस नसतानाही कर्करोग होऊ शकतो. हिपॅटायटिस सीमध्ये बहुतेकदा आधी सिरॉसिस, मग कर्करोगाची गाठ. औषधांनी सी विषाणू गेला की धोका घटतो, पण सिरॉसिस झालेला असेल तर दर 6 महिन्यांची सोनोग्राफी सुटत नाही. नेमकी इथेच फाइल बंद होते! 'दारू घेत नाही' हे ऐकून निश्चिंत होणंही तसंच. मधुमेह, लठ्ठपणा, फॅटी लिव्हर विचारायचं राहून जातं.

वॉर्डातून
सुरुवातीला लक्षणं जवळपास नसतातच. उजव्या बरगडीखाली बोथट दुखणं, उतरलेलं वजन, हाताला लागणारी टणक गाठ हे सगळं उशिराचं. त्याआधीची खूण म्हणजे बरा चाललेला सिरॉसिस एकाएकी बिघडणं. गोळ्यांवर आटोक्यात असलेलं पोटातलं पाणी वाढलं, तर मीठ, चुकलेले डोस आणि पाण्यातला संसर्ग आधी तपासाच. त्यात काही नाही सापडलं तर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून पोर्टल व्हेन, म्हणजे आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी शीर, बघा, गाठ तिच्यात शिरलेली असू शकते.

पोटातलं पाणी काढताना लाल आलं तर नळीकडे लक्ष ठेवा. सुईने शीर दुखावली असेल तर पाणी हळूहळू फिकं होत जातं आणि नमुना गोठतो. शेवटपर्यंत सारखंच लाल आणि न गोठणारं असेल तर गाठीचा संशय घ्या. सोबत अचानक पोटदुखी आणि घसरलेलं बीपी असेल तर गाठ फुटली असं धरूनच हालचाल करा.

मधुमेहाचं औषध चालू नसताना साखर उतरणं, किंवा सिरॉसिस असून हिमोग्लोबिन चढं असणं, हेही गाठीचे उद्योग. क्वचितच, पण असतात.

सोनोग्राफी कक्षातून
डायाफ्रामला लागून असलेला उजव्या यकृताचा वरचा भाग हमखास निसटतो. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवा, खोल श्वास घेऊन रोखायला सांगा, बरगड्यांमधून बघा. तरीही नीट दिसलं नाही तर तसं रिपोर्टात लिहा. 'गाठ नाही' आणि 'दिसलं नाही' यांत फरक आहे. 1 सेंमीपेक्षा लहान ठिपका 3 महिन्यांनी पुन्हा बघायचा, त्याहून मोठा असेल तर थेट सीटी किंवा एमआरआय.

प्रयोगशाळेतून
एएफपी (अल्फा-फीटोप्रोटीन, यकृताच्या गाठीत रक्तात वाढू शकणारं प्रथिन) नॉर्मल म्हणून कर्करोग नाही असं म्हणता येत नाही, कित्येक गाठी एएफपी बनवतच नाहीत. उलट हिपॅटायटिस भडकला की गाठ नसतानाही तो चढतो. दर मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅमच्या वर गेला किंवा दर खेपेला चढत राहिला तर कॉन्ट्रास्ट तपासणी, म्हणजे शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध देऊन सीटी किंवा एमआरआय. मागचा आकडा शेजारी लिहून पाठवला की चढ लगेच दिसतो.

सीटी विभागातून
मागणीपत्रावर 'पोटाचा सीटी' एवढंच असतं आणि एकाच फेजमध्ये (कॉन्ट्रास्ट दिल्यावर ठरावीक वेळी घेतलेल्या चित्रांत) तपासणी उरकते. ही गाठ यकृताच्या धमनीच्या रक्तावर पोसलेली असते. म्हणून धमनीच्या फेजमध्ये उजळते आणि नंतरच्या फेजमध्ये आजूबाजूच्या यकृतापेक्षा काळी पडते. सिरॉसिसच्या रुग्णात 1 सेंमीहून मोठ्या गाठीचं चित्र असं नेमकं असेल तर सहसा बायॉप्सीही लागत नाही. 'सिरॉसिस, मल्टिफेज हवा' एवढे शब्द लिहिले तरी काम होतं. क्रिएटिनिनही (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) सोबत पाठवा, नाहीतर रुग्ण टेबलावर आणि आम्ही फोनवर.