खेळातल्या जगात देव एकच असेल, तर त्यानं उत्तर द्यावं का?

गोदाकाठ (नांदेड)

टेबलटॉप रोलप्ले (टेबलाभोवती बसून, फासे टाकत, पात्रं वठवत गोष्ट रचायचा खेळ) खेळणाऱ्यांसाठी हा धागा. मत माझं आहे, विरोध असेल तर खुशाल मांडा.

1974 साली डन्जन्स अँड ड्रॅगन्स आला, तेव्हापासून या खेळांत देव म्हणजे देवांचा मेळा असंच चालत आलंय. एक युद्धाचा, एक पिकाचा, एक चोरांचा. हल्ली बरेच गेम मास्टर (खेळातलं जग आणि गोष्ट चालवणारे) आपल्या जगात एकेश्वरी धर्म आणतात. पण त्या मेळ्यातला एक देव ठेवायचा आणि बाकीचे खोडायचे, एवढंच करतात. उरलेला देव पहिल्यासारखाच वागतो. क्लेरिकला (पुजारी पात्राला) स्पेल (मंत्रशक्ती) देतो, हाक मारली की हजर होतो. यातून धर्म उभा राहत नाही.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. देव एकच असेल, तर त्यानं खेळाडूंना थेट उत्तर देऊ नये.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीत 'कम्यून' नावाचा स्पेल आहे. क्लेरिकनं देवाला तीन प्रश्न विचारायचे आणि हो-नाहीत उत्तर घ्यायचं. आमच्या कॅम्पेनमध्ये (अनेक बैठकांत चालणाऱ्या गोष्टीत) 'साक्षी' नावाच्या एकमेव देवाचे दोन पंथ होते. दुष्काळात विहिरीवर ताबा कुणाचा, यावरून गावं फुटलेली. एक पंथ म्हणे पाणी साक्षीचं, कुणी अडवायचं नाही. दुसरा म्हणे ज्यानं खोदली त्याच्या घामाला साक्षी साक्ष आहे. टेबलावर मस्त तापलं होतं. तेवढ्यात क्लेरिकनं कम्यून टाकला आणि विचारलं, "विहीर सगळ्यांची आहे का?" गेम मास्टरला हो म्हणावं लागलं. दुसऱ्या पंथाच्या पुजाऱ्याला बोलायला तोंडच उरलं नाही. पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) पुढच्या गावाला निघाली.

खऱ्या इतिहासात असं होत नाही. 325 साली नायसियात बिशप जमले ते ख्रिस्त पित्याशी एकतत्त्व आहे की पित्यानं निर्माण केलेला, या वादावर. 833 मध्ये बगदादच्या खलिफा मामूननं कुराण निर्मित आहे हे मान्य करा म्हणून विद्वानांची चौकशी लावली. अहमद इब्न हनबल नमले नाहीत, तर त्यांना कैदेत टाकलं. दोन्हीकडचे लोक त्या एकाच देवाला मानणारे होते. कुणापाशी कम्यून असता तर हे सगळं एका संध्याकाळीत मिटलं असतं.

म्हणून असा स्पेल काढून टाका. जखमा भरायची ताकद व्रतातून येऊ द्या. त्याच आवृत्तीत पॅलाडिनची (शपथबद्ध धर्मयोद्ध्याची) शक्ती देवाइतकीच न्यायावरच्या त्याच्या निष्ठेतूनही येते, म्हणजे नियमांतही याला जागा आहे.

बालाघाट (बीड)

दादा, अजिबात पटलं नाही.

तुम्ही देवाला गप्प केलं, म्हणजे तुमच्या जगातला प्रत्येक भक्त भ्रमात आहे असं ठरवून टाकलं. गंगाखेडच्या जनाबाईला विचारा देव गप्प असतो का. तिच्यासोबत तो जात्यावर बसून दळतो. नरसीच्या नामदेवांना तो कसा दिसला ते अभंगांत वाचा. त्याच नामदेवांची 61 पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत, आणि एकाच ओंकाराला मानणारा तो ग्रंथ तुमच्याच नांदेडात गुरुगादीवर बसला. प्रतिसाद मिळतो हा अनुभव भक्तीचा जीव आहे. तो काढून घेतलात की उरतात फक्त पंडितांची भांडणं. नायसियात जमलेले बिशप होते. त्यांच्या गावातली म्हातारी रोज प्रार्थना करत होती आणि तिला उत्तर मिळतं असं ती मानत होती. तिची भूमिका तुमच्या टेबलावर कोण करणार?

मी वेगळं करते. देव उत्तर देतो, पण ज्यानं विचारलं त्यालाच. गेम मास्टर म्हणून मी चिठ्ठी लिहून हातात देते. "हो" किंवा "नाही" कधीच नाही, त्या माणसाच्या आयुष्यातलं एखादं चित्र लिहिते. दोन क्लेरिक असतील तर दोन वेगळी चित्रं. दोघांनाही देव भेटलेला असतो आणि तरी वाद शिल्लक राहतो. आमच्याकडे एकीला चिठ्ठीत "आईनं ओतलेली घागर" मिळाली आणि दुसऱ्याला "बापाचे फुटलेले हात". दोघं अर्धी रात्र भांडले.

गोदाकाठ (नांदेड)

ताई, चिठ्ठी चांगली आहे. पण तिथं उत्तर देणारा गेम मास्टर आहे हे टेबलावरच्या सगळ्यांना माहीत असतं. आज ना उद्या खेळाडू चिठ्ठीचं कोडं सोडवायला लागतो. श्रद्धेला सुटणारं कोडं नको.

दुधनेकाठ (जालना)

देव बोलतो की नाही यापेक्षा त्याला आणलं कुणी हे आधी ठरवा. इजिप्तमध्ये अखेनातेन राजानं इसवीसनापूर्वी चौदाव्या शतकात आतेन या सूर्यदेवाची पूजा लादली, नवी राजधानी वसवली, अमून या जुन्या देवाचं नाव भिंतींवरून छिन्नीनं काढायला लावलं. तो गेला, तुतनखामूनच्या काळात जुनी देवळं पुन्हा सुरू झाली. राजानं आणलेला एकच देव आणि रस्त्यावर वाढलेला एकच देव, या दोन वेगळ्या कॅम्पेन आहेत.

वेरूळवाट (संभाजीनगर)

दोघंही देव आणि भक्त यांच्यात मोकळं अंतर धरून चाललाय. आमच्या खुलताबादला या. बुऱ्हाणुद्दीन गरीब 1337 मध्ये गेले, लोक आजही त्यांच्या दर्ग्यात जातात. अल्लाह एकच, याबद्दल तिथं कुणाच्या मनात शंका नाही. तरी मागणं घेऊन माणूस जातो तो वलीच्या मजारीपाशी. आणि असं मागणं योग्य की नाही, कव्वाली ऐकावी की नाही, यावर त्याच धर्मातले लोक शतकानुशतकं वाद घालत आलेत. म्हणजे गोदाकाठदादांना हवा तो वादही इथं आहे आणि बालाघाटताईंना हवा तो जिव्हाळाही.

खेळात हे सरळ उतरतं. क्लेरिकची ताकद एखाद्या संताच्या स्थळाशी बांधा. तिथली चादर, तिथली माती सोबत असेल तोवर जखमा भरतील. पार्टी फार दूर गेली की नवं स्थळ शोधावं लागेल, तिथल्या मुजावराशी (दर्ग्याच्या सेवेकऱ्याशी) जमवून घ्यावं लागेल. स्पेल कुठून येतो याचं उत्तर मिळालं, आणि देव स्वतः एकदाही बोलला नाही.

कयाधू (हिंगोली)

मला मूळ पोस्टमधल्या दुसऱ्याच गोष्टीवर बोलायचंय. एकेश्वरी म्हणजे बाकीचे देव खोडणं, हे कुणी सांगितलं?

महानुभावांचं तत्त्वज्ञान बघा. जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर असे चार पदार्थ. देवता खऱ्या आहेत, त्या फळही देतात, पण ते फळ संपणारं. मोक्ष देणारा परमेश्वर एकटाच. ही चौकट घेतलीत तर तुमच्या जुन्या जगातले युद्धाचे नि पिकाचे देव जागच्या जागी राहतात. त्यांचे क्लेरिक आग फेकतील, पाऊस पाडतील. परमेश्वराच्या भक्ताला यातलं काही मिळणार नाही, आणि त्याला ते नकोच असेल. असा माणूस पार्टीत असला की बाकीचे रोज त्याला विचारतील, मग तुझ्या देवाचा उपयोग काय? या प्रश्नावर महिनोन् महिने खेळता येतं.

आणि बोलण्याचं म्हणाल, तर महानुभाव ज्यांना परमेश्वराचा अवतार मानतात ते चक्रधरस्वामी बोलले. पैठणला बोलले, वाटेनं चालताना बोलले, बायकांशी बोलले, मराठीत बोलले. ते गेल्यावर म्हाइंभटांनी एकेकाला गाठून आठवणी गोळा केल्या, तेव्हा लीळाचरित्र झालं. देव बोलून गेलेला आहे आणि ऐकणारे अजून जिवंत आहेत, तो काळ खेळायला घ्या. तीच लीळा एक जण एक सांगतो, दुसरा जरा निराळी सांगतो. पार्टीनं त्या गोळा करत फिरायचं आणि कुठली पोथीत घालायची ते ठरवायचं. पुढं सकळ या पंथाच्या सांकेतिक लिपीत पोथ्या उतरवल्या गेल्या आणि शतकानुशतकं बाहेरच्याला वाचता आल्या नाहीत, तेही आयतं मिळतंय.

मांजरापात्र (लातूर)

सगळं वाचलं. एक विनंती आधी करते. वरचे सगळे पंथ आज जिवंत आहेत, आपल्या शेजारी आहेत. माझं घर लिंगायत. गळ्यातल्या इष्टलिंगाला कुणी "प्लस दोन" वाला (फाशाच्या आकड्यात दोन वाढवणारा) मॅजिक आयटम केला तर मी त्या टेबलावरून उठेन. चौकट घ्या, पूज्य वस्तू आणि नावं घेऊ नका.

आता मूळ मुद्दा. टेबलावर देवाचं तत्त्व दिसतच नाही. दिसतं ते वागणं. आमच्यात माणूस गेला की दहन करत नाहीत, बसलेल्या स्थितीत पुरतात. बसवण्णांनी सांगितलं कायक आणि दासोह, म्हणजे कष्ट करून खायचं आणि मिळालेलं वाटायचं. बाहेरच्याला आमचा धर्म पहिल्यांदा कळतो तो अशा अंत्यविधीला किंवा पंगतीत. साक्षीपंथात माणूस मेल्यावर काय करतात? लग्नात शपथ कुणाची? अनोळखी माणूस दारात आला तर त्याला पाणी आधी देतात की पंथ आधी विचारतात? विहिरीचा वाद एवढा रंगवलात आणि यातलं काहीच ठरवलं नाहीत, म्हणून एका स्पेलनं तो कोसळला. पुजाऱ्याच्या मागं अख्खं गाव असतं, तर देवानं "हो" म्हटल्यावरही ते म्हणालं असतं, उत्तर देणारा साक्षी नव्हताच, तुला कुणीतरी फसवलंय.

गोदाकाठ (नांदेड)

ताई, नावांबद्दल पूर्ण सहमत, तो नियम आमच्या टेबलावर लागू. अंत्यविधी आणि पाण्याचा प्रश्न पुढच्या सेशनच्या आत लिहून काढतो. कयाधू म्हणतात तसा साक्षी एकदा बोलून गेलाय आणि ऐकणारे थकत चाललेत, हेही घेतो. कम्यून मात्र बंदच. जे ऐकून आलेत त्यांनाच विचारायचं.

बालाघाट (बीड)

मग ज्या खेळाडूला क्लेरिक व्हायचंय त्याला पात्र बनवतानाच हे सांगा, सहाव्या सेशनला नको. आणि त्याला प्रार्थना करायला वेळ द्या. फासे न टाकता, त्याच्या शब्दांत, बाकीच्यांनी थांबून ऐकायची. माझ्याकडं चिठ्ठी राहणारच.