शब्दचर्चा : डायपर लावणाऱ्या मोठ्या माणसाला 'शी झाली' हे म्हणायचं कसं?

ओसरी :
माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना माई म्हणतो, पक्षाघातानंतर अंथरुणाला आहेत. डायपर लावावा लागतो. त्याबद्दल दिवसभर बोलणं होतं आणि घरात प्रत्येकाचा शब्द वेगळा. सांभाळायला येणाऱ्या मावशी म्हणतात, 'आज्जींनी घाण केली.' मुलगा 'पॉटी' म्हणतो, नवरा 'मोशन'. माई स्वतः कुठलाच शब्द घेत नाहीत. 'जरा बघतेस का गं' एवढंच म्हणतात आणि भिंतीकडे तोंड करतात. लहान मुलासाठी 'शी-शू' आहे, डॉक्टरांसाठी 'मलमूत्र विसर्जन' आहे. मधल्या जागी, ऐंशीच्या घरातल्या, शुद्धीवर असलेल्या बाईला तोंडातून काढता येईल असा शब्द कोणता? तुमच्याकडे काय म्हणतात? आणि जे स्वतः डायपर वापरतात ते काय म्हणतात?

माणदेशी :
ताई, आमच्याकडं 'परसाकडं'. परसात, म्हणजे घरामागं जायचं म्हणून परसाकडं. 'बाहेर जाऊन येतो', 'रानात जाऊन येतो', नुसतं 'टमरेल घेऊन गेलाय' म्हटलं तरी समजायचं. वऱ्हाडातले पाहुणे 'झाड्याले' म्हणायचे. यातला प्रत्येक शब्द जाण्याचा आहे. ज्याला उठताच येत नाही त्याला त्यातला कुठला लागू पडणार? आमचे आजोबा शेवटी अंथरुणावर होते, तरी 'परसाकडं झालं रे' असंच म्हणायचे. परस सोडून वर्षं झाली होती, पण शब्द त्यांनी सोडला नाही, आणि आम्हीही त्यांना दुसरा शिकवला नाही. माई आयुष्यभर कोणता शब्द वापरत होत्या ते आठवून बघा. तोच वापरा.

रात्रपाळी :
मी परिचारिका आहे, वॉर्डातलं सांगते. तिथं चालणारे शब्द म्हणजे लघवी, संडास, मोशन, युरिन. कागदावर 'आऊटपुट'. मला शब्दापेक्षा त्याच्या पुढचं क्रियापद जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण माझं अर्धं काम त्यावर चालतं.

नातेवाईक म्हणतात, 'डायपरमध्येच करतात.' मी विचारते, 'लागल्याचं कळतं का?' इथं मराठी फार कामाला येते. 'लागते, पण आवरत नाही' म्हणजे मूत्राशय घाईनं आकसतंय. अशा माणसाला ठरावीक वेळी भांडं दिलं, औषध दिलं, तर बराच फरक पडतो. 'कळतच नाही' म्हटलं की मज्जातंतूंचा किंवा मेंदूचा विचार करावा लागतो. 'खोकताना सुटते' हे बाळंतपणं झालेल्या कितीतरी बायकांचं दुखणं, आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याच्या व्यायामानं ते कमी होतं. 'थेंब थेंब गळते आणि पोट फुगलंय' असं कुणी म्हातारे गृहस्थ म्हणाले तर मी ताबडतोब डॉक्टरांना बोलावते. प्रोस्टेटमुळे लघवी तुंबलेली असते आणि वरचं तेवढं सांडत असतं. घरचे म्हणत असतात, 'लघवी होतेय की, डायपर ओला आहे.'

तसंच 'पातळ होतंय' हे. अंथरुणावरच्या माणसाला बरेच दिवस कडक होत असेल, आत खडा बसला असेल, तर त्याच्या कडेनं पाणी झिरपतं आणि डायपरमध्ये पातळ दिसतं. घरचे त्याला 'जुलाब' म्हणतात आणि जुलाब थांबवायची गोळी देतात. मूळ दुखणं बद्धकोष्ठाचं, त्यात ही गोळी म्हणजे आगीत तेल. म्हणून 'पातळ झाली' एवढ्यावर थांबू नका. त्याआधी नीट कधी झाली होती तेही सांगा.

'घाण केली' हे मात्र मावशींना थांबवायला सांगा, प्रेमानं. ते ऐकून माणसं पाणी पिणं कमी करतात. मग लघवी दाट होते, जंतुसंसर्ग होतो, म्हातारपणी त्यात भ्रमही होतो. हे मी पुष्कळदा पाहिलंय.

क्रियाविशेषण :
रात्रपाळीताईंचा क्रियापदाचा मुद्दा व्याकरणानंही पटतो. 'माईंनी शी केली' यात माई कर्ता आहेत, 'नी' लागला की काम त्यांच्या खात्यावर. 'माईंना शी झाली' यात 'ना' आहे, जसं माईंना ताप आला, माईंना ठसका लागला. जे आपल्या हातात नाही ते मराठी 'ला-ना' लावून सांगते. भूक लागते, झोप येते, लघवी लागते. नाम कोणतंही घ्या, 'केली'च्या जागी 'झाली' ठेवलं की आरोप गळून पडतो. त्यासाठी नवा शब्द घडवायची गरज नाही.

सरकारी भाषांतरांत 'मूत्र असंयम' दिसतं. मला तो शब्द मनापासून नकोसा वाटतो. संयम आपल्याकडे चारित्र्याचा गुण आहे. पक्षाघात झालेल्या बाईला असंयमी म्हणायचं? 'लघवीवर ताबा नसणे' साधं आहे आणि खरंही.

आणखी एक निरीक्षण. 'संडास' ही जागा असते तेव्हा पुल्लिंगी, 'नवा संडास बांधला'. पदार्थ झाला की स्त्रीलिंगी, 'पातळ संडास झाली'. बहुधा शी आणि लघवीच्या पंक्तीत बसून लिंग बदललं असावं. 'बाथरूम'चंही तसंच होतंय, 'बाथरूमला लागली' म्हणजे लघवीला.

आणि ज्या धातूंना आपण तोंडात घेत नाही ते आजारांत, पाट्यांवर राजरोस आहेत : मुतखडा, हगवण, मुतारी. 'हगणदारीमुक्त गाव' तर सरकारी फलकांवर गावोगाव होतं. मुतखडा झाल्याचं लोक जेवणाच्या पंगतीत सांगतात.

चाक :
मी स्वतः डायपर वापरतो. अपघातात मणक्याला मार बसला, चाकाच्या खुर्चीवर असतो, नोकरी करतो. ओसरीताई, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो.

मी 'मला झाली' असंही म्हणत नाही. मी डायपरबद्दल बोलतो. 'भरलाय', 'ओला झालाय', 'जड झालाय', आणि बाजूनं बाहेर आलं तर 'गळला'. कर्ता डायपर, क्रिया त्याची. माझ्यासारख्या ज्या मित्रांशी बोलणं होतं तेही बहुतेक असंच बोलतात. बायकोला फोनवर 'बदल' एवढा एकच शब्द पाठवतो. शी असेल तर 'बदल, घाई'. आमच्यात ते ठरलेलं आहे. ऑफिसात कुणाच्या लक्षात येत नाही.

एकदा मदतीला आलेल्या एका मुलानं 'शी केली का?' असं लाडात विचारलं, सगळ्यांसमोर. त्याचा हेतू वाईट नव्हता, पण त्या दिवशी मी त्याच्याशी परत बोललो नाही. मोठ्या माणसाला 'शी-शू' म्हणू नये, या मताचा मी आहे.

पैलतीर :
चाकदादा, तुमचं दुखणं समजतं, पण सरसकट नियम करू नका. माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे. 'लघवी', 'संडास' हे शब्द तिच्यातून निघून गेलेत. 'शू आली का?' विचारलं तरच ती मान हलवते. बाळपणीचे शब्द शेवटपर्यंत राहिलेत आणि तेवढेच तिच्याशी बोलायला उरलेत. आम्ही ते हळू आवाजात, खोलीचं दार लावून वापरतो. 'तू लहान नाहीस, पण हा शब्द तुझा आहे' असं काहीतरी त्या आवाजात असावं, असा माझा प्रयत्न असतो.

चाक :
पैलतीर, मान्य. तिचा शब्द असेल तर तोच. माझा राग दुसऱ्यानं माझ्यावर लादलेल्या शब्दावर आहे.

ओसरी :
काल माणदेशी दादांचं वाचून माईंना विचारलं, तुमच्या माहेरी काय म्हणायचे? थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'आई म्हणायची, पोट मोकळं झालं.' आज दुपारी मी 'पोट मोकळं झालंय का?' असं विचारलं, तर 'हो' आलं. भिंतीकडे वळल्या नाहीत. मावशींनाही सांगितलंय. त्या 'झाली'वर आल्यात, अधूनमधून जुना शब्द निसटतो.

रात्रपाळीताई, एक विचारायचं होतं. लघवीसाठी दर वेळी विचारणं टाळता येईल का? विचारलं की त्या संकोचतात.

रात्रपाळी :
डायपरच्या बाहेरच्या बाजूला मधोमध पिवळी रेघ आहे का बघा. बऱ्याच कंपन्यांच्या डायपरवर असते. ओल लागली की ती निळी-हिरवी होते. कूस बदलताना नजर टाकायची, विचारायचं नाही. रेघ नसेल तर वेळ ठरवून बदला. फक्त शी झाली असेल तर वेळेची वाट बघू नका. शी आणि लघवी एकत्र राहिली की कातडी फार लवकर लाल होते, कारण शीतली पाचक द्रव्यं लघवीत जास्त जोर धरतात. पुसताना घासू नका, कोमट पाण्यानं धुऊन टिपून घ्या, पूर्ण कोरडं झाल्यावर मलम आणि मगच नवा डायपर. आणि माईंना सांगून मगच पांघरूण काढा. 'माई, बदलते हं' एवढं पुरे.